हळदकुंकवाखालची बोंडी

मित्रांनो, घाबरू नका, असे जवळ या. माझ्या तोंडातून आता धूरसुद्धा निघायचा नाही. मी ठासणीची बंदूक आहे, चांगलीच जुनी, आणि गेली तीन वर्षं भोरच्या एका कोठारात फुटक्या घंगाळाशेजारी भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या मागच्या लाकडी दस्त्याला सुतळीनं एक पुठ्ठा बांधलाय. त्यावर ‘निकामी’ असं लिहिलंय. लिहिणाऱ्या कारकुनाचं अक्षर मात्र सुबक आहे, तेवढंच माझ्या वाट्याचं कौतुक.

ठासणी म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक नसेल. माझ्यासारखीला पुढून, म्हणजे नळीच्या तोंडातून भरतात. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजानं सगळं ठासून बसवायचं. याला बार भरणं म्हणतात. नळीच्या मागच्या अंगाला एक बोंडी असते. करंगळीच्या नखाएवढं पोलादाचं बोंड, त्याच्या मधोमध सुई जाईल एवढं भोक. त्या बोंडीवर तांब्याची टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी भोकातून आत जाते आणि बार उडतो. ही बोंडी नळीत आट्यांवर बसवलेली असते. फिरवून घालायची, फिरवून काढायची. माझ्या आयुष्यात जे काही भलंबुरं झालं, ते सगळं त्या चार आट्यांपायी झालं.

माझी नळी कुणाच्या तरी खापरपणजोबांच्या काळातली. त्या काळच्या गोष्टी मला आठवत नाहीत, आणि आठवत असत्या तरी तुम्ही त्या खऱ्या मानल्या नसत्या. मला आज जे रूप आहे ते आंबवड्याच्या चिमाजी लोहारानं दिलं, एकोणीसशे एकवीस साली. त्यानं मला नवी बोंडी घडवली, आटे पाडले, शिसवी दस्ता बसवला. चिमाजी तोंडाचा फटकळ. गिऱ्हाईक दारात आलं की आधी दोन शिव्या आणि मग काम. पण हात सोन्याचा होता. बोंडी बसवताना त्यानं ती शेवटपर्यंत बोटांनी फिरवली, आणि शेवटचा पाव वेढा फक्त पान्यानं दिला. तो पानाही त्यानंच केलेला, त्या एका बोंडीच्या मापाचा.

मला न्यायला आला तो गेनबा. आंबवड्याच्या वर, डोंगराच्या उताराला नऊ घरांची वस्ती होती, तिथला शेतकरी. वरई, नाचणी आणि खाचरात थोडा भात, एवढंच तिथं पिकायचं. आणि पिकलेलं रानडुकरं खायची. म्हणून सगळ्या वस्तीत मिळून एक बंदूक असावी असं ठरलं, आणि भोर संस्थानचा परवाना गेनबाच्या नावानं निघाला.

“ऐक रं गेनबा,” चिमाजी म्हणाला, “बार उडविला का त्याच दिशी नळी ऊन पाण्यानं धुवायची. दारूची काजळी लई वाईट, हवेतलं पानी वढून घेती. आनि दर वरसाला पाऊस सरला का ही बोंडी काढायची. आटं पुसायचं, मेन-चरबी लावायची, मंग परत बसवायची. दोन वरसं न्हाई काढली, तर तिसऱ्या वरसाला ती तुला काढू देनार न्हाई.”

“आनि न्हाईच निगाली तर?”

“तर माज्याकडं यायचं आनि शिव्या खायच्या.”

गेनबा हसला. त्याला शिव्या खायची पाळी कधीच आली नाही. मधाच्या पोळ्याचं मेण आणि बोकडाची चरबी एकत्र वितळवून तो नारळाच्या करवंटीत ठेवायचा. नवरात्र सरलं की गोठ्यामागच्या दगडावर मला आडवी घ्यायचा, आधी नळीत गज घालून बार भरलेला नाही ना ते बघायचा, आणि मग पाना लावायचा. बोंडी कुरकुर न करता सुटायची. तो ती तळहातावर घेऊन फुंकायचा, आटे चिंधीनं पुसायचा, बोटानं चरबी भरायचा. मला त्या वेळी किती बरं वाटायचं म्हणून सांगू! माणसाला न्हाऊमाखू घातल्यावर वाटत असेल तसं.

आता थोडी स्वतःची तारीफ करते, रागावू नका. एकोणतीस साली वस्तीवर वाघ लागला. तुम्ही त्याला बिबट्या म्हणाल, आमच्याकडे तोही वाघच. त्यानं पंधरा दिवसांत चार शेळ्या आणि एक वासरू नेलं. मग एका तिन्हीसांजेला तो थेट अंगणाच्या कडेला येऊन बसला, आणि अंगणात गेनबाची बायको फुलाबाई सूप घेऊन बसली होती. गेनबानं मला उचललं. एकच बार, आणि वाघ जागच्या जागी आडवा. बार उडायला एवढासाही उशीर झाला असता, तर फुलाबाई हाती लागली नसती. उशीर झाला नाही, कारण भोक स्वच्छ होतं आणि आटे चरबीत होते. पण हे कुणाच्या लक्षात येणार? लोक म्हणाले, बंदुकीत देवी आली.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला वस्तीतली नऊही घरं आमच्या दारात आली. एरवी त्या दिवशी विळे, कोयते, नांगराचा फाळ यांची पूजा व्हायची. आता मला पाटावर निजवलं. फुलाबाईनं हळद आणि कुंकू पाण्यात कालवलं आणि थेट बोंडीवर माखलं, कारण तिचं म्हणणं, जिथं आग जन्मते तिथंच देवीचा वास. तिच्यामागून आठ घरच्या बायकांनी बोटं टेकवली. वर झेंडूची माळ. मी तर लाजून गेले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

आणि फुलाबाईनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “ह्ये कुकू कुनी पुसायचं न्हाई. आपसूक गळंल तवा गळंल.”

गेनबानं मान हलवली. बायकोचा जीव वाचला होता, तिच्या भक्तीला तो कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? पण दसऱ्याचं सोनं लुटून सगळे आपापल्या घरी गेले, तसा तो मला घोंगडीत गुंडाळून गोठ्यामागं घेऊन गेला. ओली हळद आट्यांत उतरायला लागली होती. त्यानं बोंडी काढली, धुतली, वाळवली, चरबी लावून बसवली, आणि वर कोरड्या कुंकवाचं एक बोट टेकवून ठेवलं, फुलाबाईला संशय येऊ नये म्हणून. पाच वर्षं त्यानं हे असंच केलं. कुणाला दिसू दिलं नाही. मुलगा सोनबा एव्हाना मोठा झाला होता, बार भरायला शिकला होता, नळी धुवायला शिकला होता, नेम तर बापापेक्षा चांगला. पण गोठ्यामागं गेनबानं त्याला कधी नेलं नाही. पोरगं आईला सांगेल, ही धास्ती.

मित्रांनो, गेनबा भला माणूस होता. पण त्याच्या त्या लपवालपवीचा मला आजही राग येतो.

चौतीस साली गेनबा तापानं गेला, दोन दिवसांत. बोलायला वेळच मिळाला नाही. त्याची पानसुपारीची चंची झाडताना फुलाबाईला आतून एक लोखंडाचा तुकडा सापडला. तो कशाचा, कुणालाच कळेना. धन्यानं जन्मभर कमरेला बाळगला म्हणजे काहीतरी देवाचंच असणार, म्हणून तिनं तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. तो माझा पाना होता. त्यालाही हळदकुंकू वाहू लागले.

त्यानंतरची नऊ वर्षं मी सांगायला नको, तुम्हीच समजून घ्या. दर खंडेनवमीला ओली हळद, ओलं कुंकू, वर फुलांचं पाणी. पुसायचं नाही. आधीच्या थराखाली दारूची काजळी, वरच्या थराखाली आधीचा थर. पहिल्या दोन वर्षांत गेनबाची चरबी टिकून होती. मग ती विरली आणि गंज आला. गंज फार सोशिक असतो. तो रोज कणभर फुगतो आणि आट्याला आटा चिकटवत जातो. मला आतून सारं कळत होतं. सोनबा मनापासून माझी निगा राखायचा, नळी ऊन पाण्यानं धुवायचा, दस्त्याला तेल लावायचा. फक्त जिथं सगळ्यांत जास्त गरज, तिथं हात लावायचा नाही. कारण ती देवीची जागा. फुलाबाई वारली त्यानंतर तर ते आईचं सांगणं झालं.

एक्केचाळीसपासून माझा बार अडखळू लागला. टोपी फुटायची, क्षणभर काहीच नाही, आणि मग बार. सोनबानं बायकोची, अंबूबाईची, गोधडी शिवायची सुई घेऊन भोक कोरायचा प्रयत्न केला. सुई आत मोडली. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. जोरानं टोपी फुटली की ठिणगी कशीबशी सुईच्या कडेनं वाट काढायची, आणि त्याला वाटायचं, चाललंय की.

त्रेचाळीसचा भादवा. वरई कापणीला आली होती आणि सकाळच्या धुक्यात डुकरं शेतात शिरली. शेजारचा रायबा धावत आला. साठीचा माणूस, पण काटक. नऊ घरांत त्याच्या शब्दाला मान.

“सोनबा, बंदूक घे. म्या खालनं डबा वाजवत येतो, तू बांधावर थांब. मोटा हाय, एकला हाय.”

“तात्या, तुमी लई जवळ यिऊ नगा.”

“तुज्या हातात देवी आसताना मला काय हुतंय?”

रायबा डबा वाजवत वर आला. डुक्कर वरईतून बाहेर पडलं ते सरळ बांधाच्या दिशेनं. सोनबानं नेम धरला आणि चाप ओढला. टक्. टोपी फुटली, बाकी काही नाही. त्यानं दुसरी टोपी चढवली. टक्. एवढ्यात डुक्कर वळलं. रायबा पळाला नाही हो! तो माझ्याकडे बघत उभा राहिला, बार उडेल म्हणून. सुळ्यानं त्याची मांडी गुडघ्यापासून जांघेपर्यंत फाडली.

मी तिथेच होते, आणि माझ्या पोटात भरलेला बार तसाच होता. याहून मोठी लाज बंदुकीच्या जन्माला नाही.

रायबा वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. आणि वस्तीवर सगळ्यांना एकच घोर लागला. वरई तर गेलीच होती, नाचणी अजून उभी होती. कार्तिकात ती पिकणार आणि डुकरांचा कळप उतरणार. बार असला तर नाचणी घरात येणार, बार नसला तर नऊ घरांनी वर्षभर खायचं काय? महिना-दीड महिना हातात होता.

सोनबा मला घेऊन आंबवड्याला उतरला. चिमाजी आता म्हातारा झाला होता, हात कापत होते, एका डोळ्यात फूल पडलं होतं. बार आत अडकलाय म्हटल्यावर त्यानं आधी भाता बंद करवला, निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि बघायला जमलेल्या सगळ्यांना हाकललं.

“भरल्या बंदुकीला इस्तू दावायचा नसतो,” तो म्हणाला. मला त्यानं ओसाड परड्याकडे तोंड करून धरलं, नळीत पाणी ओतून आतली दारू भिजवली, गजाच्या टोकाला पिळाचा काटा लावला आणि बोळा, छर्रे, दारूचा चिखल असं एकेक बाहेर ओढलं. नऊ दिवसांनी माझं पोट मोकळं झालं.

मग त्यानं बोंडीवरून अंगठा फिरवला. नखात पिवळा-तांबडा भुगा आला. तो त्यानं हुंगला.

“ही हळद हाय का रं?”

“व्हय बाबा. खंडेनवमीची.”

“किती वरसाची?”

“वाघ मारला तवापास्नंची.”

“आरं, तुजा बा दर दसऱ्याला बोंडी काढून चरबी भरायचा! मेन सरलं का माज्याकडनं न्ह्यायचा. तुला न्हाई सांगितलं?”

“न्हाई. म्या कदी बगितलंच न्हाई, बाबा. माज्या आयेचं सांगनं हुतं, कुकू पुसायचं न्हाई म्हनून.”

चिमाजीच्या तोंडात शिवी आली होती, ती त्यानं गिळली. सोनबाच्या चेहऱ्याकडे बघून गिळली असावी. “पाना कुटं हाय?” त्यानं विचारलं. सोनबानं पान्याचा आकार ऐकला, आणि त्याला देव्हाऱ्यातला लोखंडाचा तुकडा आठवला. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“ऊठ,” चिमाजी म्हणाला. “काम हुईल, पर घाई केलीस तर न्हाई हुयाचं. घासलेट घे. दिसातनं तीन येळा, थेंब थेंब, बोंडीच्या बुडाशी. आठ दिस. घासलेट आट्यात आपसूक उतरतं. रोज लाकडाच्या हातोडीनं वरनं टिचकी मारायची, गंज सुटा व्हाया. पाना लावायचा न्हाई. नवव्या दिशी मोकळी बंदूक घिऊन ये, म्या निखाऱ्याची ऊब देतो आनि केसभर म्होरं, केसभर मागं करत काडतो. मदी भोक आसल्यानं तिची मान बारीक आसती. जोर लावलास तर मान मोडंल आनि आटं नळीतच ऱ्हातील. मग माज्या हातात काय न्हाई, बग ह्ये हात.” आणि त्यानं आपले थरथरणारे हात पुढे केले.

मला त्याच्याकडेच ठेवून घेतलं असतं तर! पण परवाना सोनबाच्या नावाचा, दुसऱ्याच्या घरी बंदूक ठेवायची मुभा नव्हती.

लढाईचे दिवस. घासलेट कंट्रोलवर, महिन्याला एक बाटली. अंबूबाईनं बाटलीच्या तळाशी उरलेलं बोटभर घासलेट दिव्यात न ओतता बाटली सोनबाच्या हातात दिली. “आमी चुलीच्या उजेडात जेवू,” ती म्हणाली. ती जेवढी कमी बोलायची तेवढंच तिचं बोलणं पक्कं असायचं. दिवसातून तीनदा सोनबा काडीच्या टोकानं थेंब सोडायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. मित्रांनो, घासलेट उतरत होतं. मला समजत होतं. तिसऱ्या दिवशी पहिला आटा ओलसर झाला, पाचव्या दिवशी दुसरा. आणखी दोन राहिले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, मी सुटणार.

सहाव्या दिवशी खंडेनवमी आली.

सोनबानं मला पोटमाळ्यावर ठेवलं होतं. यंदा पूजा नको, बंदूक दुरुस्तीला आहे, असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. पण सकाळीच अंगणात गलका झाला. वस्तीतली सगळी माणसं आली होती, आणि पुढे चार जणांनी घोंगडीच्या झोळीत घालून रायबाला आणलं होतं. मांडीला अजून पाल्याचा लेप होता. दुसऱ्या, धड मांडीवर पितळेचा तांब्या होता आणि तो त्यानं वाटेत हिंदकळू दिला नव्हता.

“सोनबा, आई रुसली रं आपल्यावर,” रायबा म्हणाला. “आपुनच कुटंतरी कमी पडलो. नुसत्या हळदकुकवावर भागवलं. म्या नवस बोललोय, यंदा पंचामृतानं न्हाऊ घालीन. दूद माज्या म्हशीचं हाय, मद पोरानी कालच काडला. आन तिला भाईर.”

सोनबा दारात उभा. आत अंबूबाई. ती दबक्या आवाजात म्हणाली, “सांगा की वो त्यास्नी. चिमाजीबाबा काय म्हनलं त्ये सांगा.”

“काय सांगू?” सोनबा तसाच दबक्या आवाजात म्हणाला. “ज्याची मांडी फाटली त्याला सांगू, का तात्या, तुमच्याच कुकवानं फाटली? दर साली कुकू लावनाऱ्या त्याच्या म्हातारीला सांगू? माज्या मेलेल्या आयेला सांगू?”

आणि त्यानं मला खाली आणलं. मला पाटावर निजवलं. झोळीतूनच रायबा पुढं झुकला, त्याला कळ आली, कपाळावर घाम आला, तरी त्यानं स्वतःच्या हातानं तांब्या ओतला. दूध, दही, तूप, मध, साखर. ते सगळं बोंडीच्या बुडाशी गेलं. घासलेट बाहेर आलं आणि पाटावर ओघळलं. “चूक पोटात घे, आई,” रायबा म्हणत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नऊ घरची माणसं हात जोडून उभी होती. सोनबानंही हात जोडले.

मी आतून ओरडत होते, की ओतू नका. पण बंदुकीला एकच आवाज असतो, आणि तो माझा गेला होता.

लोक गेले. सोनबानं बाटली उलटी करून बघितली. आत घासलेटचा थेंब नव्हता, पुढची बाटली पुढच्या महिन्यात. नाचणीला तुरे आले होते. मग तो उठला, देव्हाऱ्यातला पाना घेतला, मला गोठ्यामागच्या दगडावर नेलं आणि गज घालून नळी मोकळी आहे ना ते बघितलं. एवढं त्यानं नीट केलं. पान्याच्या दांड्याला त्यानं जोराला म्हणून लोखंडी पहार बांधली.

“नगा,” अंबूबाई धावत आली. “आठ दिस म्हनलं हुतं. पुन्यांदा सुरू करू. म्या बाटली मिळवते कुटनं तरी, नसरापुरात माज्या भावाकडं...”

“तवर नाचनी ऱ्हाईल?” सोनबा म्हणाला, आणि त्यानं पहारेवर सारा भार टाकला.

बोंडी हलली. खरंच हलली, एका केसाएवढी. ओले झालेले दोन आटे सुटले होते. त्याच्याही हाताला ते कळलं, त्याचं तोंड उजळलं, आणि तिथं जर तो थांबला असता, मागं फिरवून पुन्हा पुढं केलं असतं, तर कदाचित. पण त्यानं आनंदाच्या भरात आणखी जोर केला. चिमाजी म्हणाला होता तशीच मान मोडली. वरचं बोंड पान्यासकट गवतात पडलं आणि आटे माझ्यातच राहिले.

तो दुसऱ्या दिवशी आंबवड्याला गेला. चिमाजीनं मला हातात घेतलं, मोडलेल्या जागेवर अंगठा फिरवला आणि परत दिलं. या खेपेला त्याच्या तोंडाशी शिवीसुद्धा आली नाही, तिथंच सोनबाला कळून चुकलं.

कार्तिकात डुकरं उतरली. माणसांनी डबे वाजवले, टेंभे फिरवले, दगड मारले. आठ दिवसांत नाचणीचं रान झालं. अंबूबाई लोळवलेल्या ताटांतून कणसं वेचायला गेली, तिच्या ओटीत सूपभरसुद्धा निघाली नाहीत. मार्गशीर्षात तीन घरं सामान डोक्यावर घेऊन खाली उतरली, कामथडीकडे दुसऱ्याच्या शेतावर राबायला. पुढच्या साली आणखी दोन.

आणि मित्रांनो, वस्तीनं काय म्हणावं? वस्तीनं मोडलेली बोंडी बघितली, पहार बांधलेला पाना बघितला. न्हाऊ घातलेल्या देवीला त्याच दिवशी पहार लावली, म्हणून ती निघून गेली, असं सगळे म्हणाले. रायबा काही म्हणाला नाही. पण सोनबा भेटायला गेला की तो भिंतीकडे तोंड करायचा. सोनबानं त्याला शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. त्याला ते सांगवलं नाही.

चव्वेचाळीस साल सरताना परवान्याची तपासणी झाली. सोनबा मला खांद्यावर टाकून भोरला आला. कारकुनानं घोडा वर करून बघितला आणि विचारलं, “ही मोडली कशानं?”

“माज्या हातानं,” सोनबा म्हणाला.

कारकुनानं तसंच लिहून घेतलं. सोनबानं परवाना टेबलावर ठेवला, माझ्या दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि मागं न बघता निघून गेला. त्यानंतर तो मला दिसलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी वस्तू असेल. शिवणाचं यंत्र असेल, विहिरीचा रहाट असेल, आजोबांचं घड्याळ असेल. तिच्यावर जीव लावा, तिला नमस्कारही करा, माझी हरकत नाही. पण वर्षातून एकदा तिचा फिरणारा भाग फिरवून बघा, काढून पुसा, तेल लावा. आणि हे करताना लपून करू नका. अंगणात बसून करा, पोराबाळांना शेजारी बसवा, घरातल्या म्हाताऱ्यांना राग आला तर येऊ द्या. तो राग दोन दिवसांत जातो. न सांगितलेली गोष्ट मात्र पुढच्या माणसाच्या हातात मोडते, आणि दोष त्याच्या हाताला लागतो.

गेल्या महिन्यात कुणीतरी बोलताना ऐकलं, आंबवड्याच्या वरची ती वस्ती आता ओस पडली. शेवटचं घर सोनबाचं होतं.